लिओ-१ मध्ये तारे कधी जन्मले: घरच्या संगणकावरच्या कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

काम ठरलं. आपल्या आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या छोट्या दीर्घिकांपैकी एक निवडायची, हबल दुर्बिणीने घेतलेल्या तिच्या मूळ प्रतिमा उतरवायच्या, त्यातला एकेक तारा मोजायचा आणि त्या दीर्घिकेत कोणत्या काळात किती तारे जन्मले ते काढायचं. ताऱ्यांची मोजून ठेवलेली यादी मिळते, पण ती घ्यायची नाही. प्रतिमेपासून आलेखापर्यंतचा सगळा रस्ता आपण चालायचा, म्हणजे आकडा कुठे डळमळतो ते कळेल.

काम करणारे दोघे. मी अंबडच्या एका कारखान्यात मोजमाप विभागात आहे. पुतणी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. जागा सिडकोतल्या घरातली मागची खोली, यंत्र एक साधा डेस्कटॉप. हेच काम दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर आमचा वेळ जिथे गेला तिथे त्यांचा जाऊ नये, म्हणून या नोंदी.

कोणती दीर्घिका घ्यायची यावर आज बरंच बोलणं झालं. पुतणीला करिना हवी होती. ती १९७७ मध्ये सापडली. तिच्यात ताऱ्यांचा जन्म थांबून थांबून, वेगवेगळ्या लाटांत झाला, हे तिच्या आलेखात नुसत्या डोळ्यांनी दिसतं. शिवाय आकाशात ती अगस्त्य ताऱ्यापासून जेमतेम तीन अंशांवर आहे, म्हणजे हिवाळ्यात नाशिकच्या दक्षिण क्षितिजावर तिची जागा बोटाने दाखवता येते. पण करिना आकाशात बरीच पसरलेली आहे आणि हबलच्या एसीएस कॅमेऱ्याची चौकट एका बाजूला फक्त २०२ विकलांची. एका चौकटीत तारे कमी येतात, आणि तारे कमी म्हणजे आकडेवारी लंगडी.

म्हणून लिओ-१. पालोमारच्या छायाचित्रण-पाहणीत हॅरिंग्टन आणि विल्सन यांना ती १९५० मध्ये सापडली. मघा ताऱ्याला ती इतकी खेटून आहे की जमिनीवरून पाहताना मघेचा झगमगाट तिच्यावर पसरतो. अंतर सुमारे २५४ किलोपार्सेक, म्हणजे सव्वाआठ लाख प्रकाशवर्षे. अंतर जास्त असल्याने ती आकाशात लहान दिसते आणि एकाच चौकटीत भरपूर तारे मिळतात. तिचा इतिहासही लांबलचक आहे: अतिशय जुने तारे आहेत आणि अब्जभर वर्षांपूर्वीपर्यंत जन्मलेलेही आहेत. आमच्या पद्धतीची दोन्ही टोकांना परीक्षा होईल.

१७ नोव्हेंबर

प्रतिमा मास्ट या हबलच्या निरीक्षणांच्या जाहीर संग्रहातून उतरवल्या. जुनी निरीक्षणं सगळ्यांना खुली आहेत, पैसे लागत नाहीत. आम्हाला २००६ मधली एसीएसची निरीक्षणं हवी होती, दोन गाळण्यांतली: निळी एफ४३५डब्ल्यू आणि तांबडी एफ८१४डब्ल्यू. दोन रंग लागतातच. एका गाळणीत ताऱ्याची नुसती प्रत कळते, म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद. दोन प्रतींमधल्या फरकातून रंग, म्हणजे पृष्ठभागाचं तापमान कळतं, आणि रंग व प्रत यांच्या आलेखावर ताऱ्याचं वय वाचता येतं.

संग्रहात एकाच निरीक्षणाच्या तीन-चार तऱ्हेच्या फाइली असतात. एफएलटी आणि एफएलसी यांतला फरक आधी समजून घ्या. सीसीडीत, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपमध्ये, साठलेला विद्युतभार एकेक ओळ सरकत वाचला जातो. अवकाशातल्या किरणोत्साराने चिप झिजते आणि सरकताना थोडा भार मागे राहतो, त्यामुळे मंद तारे आहेत त्याहून मंद भरतात. एफएलसीमध्ये ही गळती भरून काढलेली असते, एफएलटीमध्ये नसते. आम्ही एफएलसी घेतल्या, आणि संदर्भ प्रतिमा म्हणून सगळ्या जोडून केलेली डीआरसी.

एक फाइल १६८ एमबीच्या आसपास. ते चालण्यासारखं आहे, पण पुढच्या प्रत्येक पायरीवर मधल्या फाइली तयार होतात आणि त्या मूळच्या कित्येक पट जागा खातात. २ टीबीची बाहेरची डिस्क घेतली, ₹६,१००.

२४ नोव्हेंबर

मोजणीसाठी अँड्र्यू डॉल्फिन यांचा डॉलफॉट हा प्रोग्रॅम. फुकट आहे, सीमध्ये लिहिलेला आहे, लिनक्सवर स्वतः बांधून घ्यावा लागतो. मेकफाइलमध्ये एसीएसची ओळ उघडायची, मग प्रत्येक गाळणीची पीएसएफ फाइल आणि पिक्सेल-क्षेत्रफळाचे नकाशे उतरवून त्यांच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचे. पीएसएफ म्हणजे ठिपक्यासारखा तारा त्या कॅमेऱ्यात किती आणि कसा पसरतो त्याचा साचा. फोल्डर चुकलं तर येणाऱ्या संदेशावरून नेमकं काय हुकलंय याचा बोध होत नाही. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

क्रम असा: एसीएसमास्क खराब पिक्सेल झाकतं, स्प्लिटग्रुप्स दोन्ही चिपा वेगळ्या करतं, कॅल्कस्काय पार्श्वभूमीचा नकाशा काढतं, शेवटी डॉलफॉट. एसीएसमास्क मूळ फाइलीवरच लिहितं, तेव्हा मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवल्याशिवाय हात लावू नका.

८ जीबी मेमरीत यंत्र गुदमरायला लागलं. १६ जीबीची पट्टी टाकली, ₹३,२००.

८ डिसेंबर

पहिला रंग-प्रत आलेख निघाला. तांबड्या राक्षसी ताऱ्यांची शाखा, तिच्या खालच्या भागात रेड क्लंपचा, म्हणजे गाभ्यात हीलियम जाळणाऱ्या ताऱ्यांचा, दाट पुंजका, मग खाली उतरत जाणारा मुख्य क्रम, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळणारे तारे. पुतणी बराच वेळ पडद्यासमोरून हलली नाही. "काका, यातला प्रत्येक ठिपका एकेक सूर्य आहे." आहेच. त्यातले बरेच ठिपके खरोखर सूर्याच्या जवळपासच्या वस्तुमानाचे आहेत.

पण मुख्य क्रम असायला हवा त्यापेक्षा रुंद होता, आणि २५ व्या प्रतीच्या खाली जास्तच. तारे चिपवर कुठे पडलेत त्यानुसार दोन गट केले: दोन चिपांच्या मधल्या फटीजवळचे आणि बाहेरच्या कडांजवळचे. दोन्ही गटांचे आलेख एकमेकांवर बसेनात; फटीजवळचे मंद तारे जास्त तेजस्वी भरत होते. एसीएसमध्ये वाचन बाहेरच्या कडांकडे होतं, म्हणजे फटीजवळच्या ताऱ्याचा भार सगळ्यात लांब सरकतो आणि गळतीही तिथेच सगळ्यात जास्त. तो मंद भरला असता तर गळती उरली असं म्हणता आलं असतं. तेजस्वी भरतोय याचा अर्थ दुरुस्ती दोनदा झाली.

झालं होतं तसंच. डॉलफॉटमध्ये एसीएसयूजसीटीई नावाचं कळीचं मूल्य आहे. ते १ असेल तर प्रोग्रॅम स्वतःच्या सूत्राने गळती भरून काढतो. एफएलसीत ती आधीच भरलेली. मूल्य ० करून सगळं पुन्हा चालवलं. एफएलसी वापरत असाल तर हे मूल्य ० आहे ना, ते पहिल्यांदा बघा. तुमचा आठवडा वाचेल.

२२ डिसेंबर

दुसऱ्या फेरीत दोन्ही गट एकमेकांवर नीट बसले. आता सापडलेल्या ठिपक्यांची गाळणी, म्हणजे तारे नसलेले ठिपके काढून टाकणं.

डॉलफॉट प्रत्येक ठिपक्याबरोबर काही गुण देतो. शार्पनेस म्हणजे ठिपका ताऱ्याइतकाच टोकदार आहे की पसरट. क्राउडिंग म्हणजे शेजाऱ्यांनी त्याची प्रत किती बिघडवली. याशिवाय सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर. या तिन्हींवर मर्यादा घालायच्या. शार्पनेसची मर्यादा लिओ-१ सारख्या ठिकाणी फार महत्त्वाची, कारण २६ व्या प्रतीच्या पुढे अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकाही बारीक ठिपक्यांसारख्या दिसतात आणि तारे म्हणून यादीत घुसतात. त्यातल्या पुष्कळशा निळ्या असतात. यादीत राहिल्या तर नेमक्या तरुण ताऱ्यांच्या जागेजवळ जाऊन बसतात.

मर्यादा किती कडक ठेवायची यावर आमचा मतभेद झाला. पुतणीचं म्हणणं, आलेख स्वच्छ दिसेपर्यंत कडक करावी. मला ते पटलं नाही. कडक गाळणी खरे तारेही फेकते, आणि दाटीतले आधी. आलेख देखणा होणं हा आपला निकष नाही. निकष एकच: जी गाळणी खऱ्या ताऱ्यांना लावली तीच, अगदी तशीच, कृत्रिम ताऱ्यांना लावता आली पाहिजे. मग मर्यादा थोडी इकडेतिकडे झाली तरी हिशेबात ती आपोआप धरली जाते.

५ जानेवारी २०२५

सगळ्या कामाचा प्राण इथे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या यादीत नसलेले तारे किती, हे यादीकडे बघून कळत नाही. ते कळायला प्रतिमेत आपणच तारे पेरायचे. ठरावीक जागी, ठरावीक प्रतीचा आणि रंगाचा कृत्रिम तारा टाकायचा, मोजणी पुन्हा चालवायची, आणि तो सापडला का, सापडला तर किती प्रतीचा भरला, ते लिहून ठेवायचं. डॉलफॉट एका वेळी एकच कृत्रिम तारा टाकतो. त्यामुळे पेरलेल्यांचीच गर्दी होत नाही, मात्र वेळ प्रचंड लागतो. आम्ही लाखभर तारे ठरवले.

पहिल्या खेपेला ते सगळ्या प्रतींवर सारखे वाटले होते. त्याने भागलं नाही. २० व्या प्रतीचा तारा सापडणारच. त्याच्यावर यंत्राचा वेळ घालवण्यात काही मिळत नाही. जिथे निम्मेच सापडतात तिथे नमुने हवेत, म्हणजे आमच्या बाबतीत मुख्य क्रमाच्या वळणबिंदूच्या (जिथे तारे मुख्य क्रम सोडून राक्षसी शाखेकडे वळतात त्या जागेच्या) आसपास आणि त्याखाली. वाटप बदलून बरेचसे तारे तिथे दिले. जागांचं वाटपही दीर्घिकेच्या ताऱ्यांसारखंच करावं लागतं: मध्याकडे दाट, कडेला विरळ. सगळीकडे सारखे पेरले तर दाटीतली हानी कमी भरते आणि मध्यभागातले जुने तारे हिशेबातून निसटतात.

मध्येच वीज गेली. रात्रभर चाललेली खेप अर्धवट राहिली आणि पुढे कुठून चालवायची याची काही खूण उरली नाही. त्यानंतर तारे छोट्या छोट्या गठ्ठ्यांत फोडले, प्रत्येक गठ्ठ्याची वेगळी फाइल. एक मेला तर तेवढाच पुन्हा. हे पहिल्यापासून असंच करा. चार कोअर असतील तर चार गठ्ठे एकाच वेळी चालतात, तो फायदा निराळा. यूपीएस घेतला, ₹३,४००. पंधरवडाभर यंत्र रात्रंदिवस चालू होतं, त्याचा आकडा वीजबिलात पुढच्या महिन्यात दिसेलच.

१९ जानेवारी

आयसोक्रोन उतरवले. एकाच वेळी, एकाच द्रव्यातून जन्मलेले वेगवेगळ्या वस्तुमानांचे तारे अमुक वर्षांनी आलेखावर कुठे असतील ते दाखवणारी रेषा म्हणजे आयसोक्रोन. पडुआच्या खगोलशाळेच्या संकेतस्थळावरून पारसेक संच मिळतो. वय, धातुता (हायड्रोजन-हीलियमहून जड मूलद्रव्यांचं प्रमाण) आणि कॅमेऱ्याची गाळणी निवडली की फाइल येते. प्रती मोजण्याची पद्धत (शून्य कुठे धरायचं ते) व्हेगा निवडा, कारण डॉलफॉटचे आकडेही व्हेगा पद्धतीचे असतात. एबी पद्धत घेतली तर रंग सरकतो, आणि सरकलेल्या रंगाचा अर्थ जुळवणी धातुता किंवा वय म्हणून लावते.

वयाचे कप्पे समान रुंदीचे घेऊ नका. एक आणि दोन अब्ज वर्षांच्या रेषा आलेखावर चांगल्या दूर दूर असतात. अकरा आणि बारा अब्ज वर्षांच्या रेषांचे वळणबिंदू जेमतेम एक दशांश प्रतीने वेगळे. म्हणून कप्पे लघुगणकी ठेवले: तरुण बाजूला अरुंद, जुन्या बाजूला रुंद.

अंतराचाही प्रश्न इथेच येतो. लिओ-१ चा अंतरांक, म्हणजे प्रतींच्या मापात सांगितलेलं अंतर, २२.०२, तांबड्या राक्षसी शाखेच्या टोकावरून काढलेला, आणि त्यात एक दशांशाहून थोडी जास्त अनिश्चितता आहे. ती जशीच्या तशी जुन्या टोकाला अब्ज वर्षांची अनिश्चितता होऊन उतरते. आपण कितीही काळजीपूर्वक मोजलं तरी हा भाग आपल्या हातात नाही, तो उत्तरात लिहिलाच पाहिजे.

९ फेब्रुवारी

जुळवणीचा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला. आलेखाचे बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात किती तारे आहेत ते मोजायचं. दुसऱ्या बाजूला प्रत्येक वय-धातुता जोडीसाठी एक कृत्रिम लोकसंख्या तयार करायची: क्रुपा यांच्या वितरणाने वस्तुमानं वाटायची, काही तारे जोडतारे धरायचे, मग कृत्रिम ताऱ्यांच्या नोंदींतून प्रत्येकाला तसाच गोंगाट द्यायचा आणि तितकेच तारे गाळायचे. या लोकसंख्या कमीअधिक प्रमाणात मिसळून खऱ्या आलेखाच्या सगळ्यात जवळ काय येतं ते शोधायचं. ती प्रमाणं हाच ताराजन्माचा इतिहास.

आधी नेहमीची लघुतम-वर्ग पद्धत लावली. उत्तर आलं, पण जुळवलेल्या ताऱ्यांची बेरीज खऱ्या ताऱ्यांपेक्षा कमी भरायची. कारण असं की या आलेखात असंख्य चौकोनांत एक-दोन तारे किंवा शून्य असतात. मोजलेल्या संख्येवरूनच चूक-मर्यादा ठरवली की योगायोगाने कमी तारे आलेल्या चौकोनांना जास्त वजन मिळतं आणि सगळं उत्तर खाली ओढलं जातं. अशा मोजक्या संख्यांसाठी असलेली प्वासाँ संभाव्यता वापरली तेव्हा बेरीज तंतोतंत जुळली. डॉल्फिन यांनी २००२ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. प्रमाणं ऋण होऊ नयेत म्हणून दर फेरीला गुणाकाराने सुधारणारी पद्धत घेतली. सावकाश जाते पण भरकटत नाही.

आणखी एक निर्णय: रेड क्लंप आणि हॉरिझॉन्टल ब्रँच (गाभ्यात हीलियम जाळणारे जुने तारे) जुळवणीतून वगळले. तिथल्या ताऱ्यांची प्रारूपं अजून तितकी पक्की नाहीत आणि तारे मात्र तेजस्वी व पुष्कळ, त्यामुळे प्रारूपातली चूक तिथून सगळ्या इतिहासात पसरते. तांबडी राक्षसी शाखा वयाबद्दल फारसं बोलतच नाही, जवळजवळ सगळी वयं तिथे एकमेकांवर येतात. वय सांगतात ते मुख्य क्रमाचा वळणबिंदू आणि तिथून राक्षसी शाखेकडे नेणारी सबजायंट शाखा. वजन तिथे दिलं.

२ मार्च

खऱ्या दीर्घिकेला अजून हात लावलेला नाही. पुतणी अधीर झाली होती, "काका, सगळं तयार आहे, चालवूया ना." मी नाही म्हटलं. कारखान्यात नवं गेज आलं की आधी माप माहीत असलेला मास्टर पीस त्याच्यातून जातो, मग तयार माल. इथेही तेच हवं.

म्हणून आधी आम्हीच दीर्घिका बनवल्या. इतिहास आम्ही ठरवलेला, तारे संगणकाने काढलेले, गोंगाट आणि हानी कृत्रिम ताऱ्यांच्या नोंदींतली. मग प्रोग्रॅमला विचारायचं, सांग इतिहास काय. बारा अब्ज वर्षांपूर्वी एकच छोटा, टोकदार स्फोट दिलेली दीर्घिका टाकली. उत्तरात तो स्फोट दहापासून साडेतेरा अब्ज वर्षांपर्यंत पसरून आला. दीड अब्ज वर्षांपूर्वीचा तितकाच टोकदार स्फोट दिला, तर तो आपल्या कप्प्यातच राहिला, शेजारी थोडा सांडला इतकंच.

ठोकळ हिशेबाने चूक वयाच्या दहा ते वीस टक्के राहते. म्हणजे लिओ-१ मध्ये ताराजन्म कधी थांबला हे आम्हाला बऱ्यापैकी नेमकं सांगता येईल. कधी सुरू झाला हे नाही. हे उत्तर हाती येण्याआधी कळलं याचा मला फार मोठा आधार वाटला. नंतर कळलं असतं तर आलेखात दिसणाऱ्या प्रत्येक उंचवट्याला आम्ही गोष्ट जोडत बसलो असतो.

दुसरी चाचणी: पूर्णतेचा हिशेब मुद्दाम बंद करून, म्हणजे सगळे तारे सापडलेच असं धरून, तीच दीर्घिका चालवली. जुने तारे निम्म्याहून कमी भरले आणि ताराजन्म खूप उशिरा सुरू झाल्याचं उत्तर आलं. आलेख दिसायला अगदी पटण्यासारखा होता.

१६ मार्च

खरी लिओ-१ चालवली. धातुता पूर्ण मोकळी ठेवली होती. निघालेल्या इतिहासात धातुता आधी जास्त, मधे खाली, पुन्हा वर. असं दीर्घिकेत होत नाही. तारे मरताना जड मूलद्रव्यं वायूत मिसळतात, त्यातून पुढचे तारे होतात, म्हणून साधारणपणे धातुता काळाबरोबर वाढत जाते. इथे वय आणि धातुता एकमेकांचं सोंग घेत होते: धातूंनी थोडा श्रीमंत पण तरुण तारा आणि धातूंनी गरीब पण जुना तारा आलेखावर जवळपास एकाच जागी येतात.

बाहेरून आधार घ्यावा लागला. केक दुर्बिणीवरच्या डेमोस वर्णपटमापकाने लिओ-१ च्या शेकडो राक्षसी ताऱ्यांची धातुता थेट मोजलेली आहे. लोहाची सरासरी लघुगणकी मापात उणे १.४ च्या आसपास, म्हणजे सूर्यातल्या प्रमाणाच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी. त्या पट्ट्याबाहेरच्या लोकसंख्या काढून टाकल्या आणि धातुता काळाबरोबर कमी होऊ नये अशी अट घातली. जुळवणी किंचित सैल झाली. तरीही हाच इतिहास जास्त खरा आहे. आकडा सुंदर आणि भौतिकी अशक्य, असं उत्तर ठेवून उपयोग नाही.

३० मार्च

पाडवा. दुपारी श्रीखंड-पुरी झाल्यावर बसलो ते थेट अंधार पडेपर्यंत.

आजचा सगळा वेळ आलेखाच्या एका छोट्या निळ्या भागावर गेला. जुन्या वळणबिंदूच्या वर, डावीकडे, निळ्या ताऱ्यांची एक सोंड दिसते. सरळ वाचलं तर हे अब्जभर किंवा त्याहून कमी वयाचे तरुण तारे. पण जुन्या दीर्घिकांतही अशी सोंड दिसते. कालेय तारकासमूहातली ड्रॅको दीर्घिका जवळजवळ पूर्णपणे दहा अब्ज वर्षांहून जुन्या ताऱ्यांची आहे, आणि तिच्यातही वळणबिंदूच्या वर निळे तारे आहेत. ते ब्लू स्ट्रॅगलर: जोडताऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याचं द्रव्य ओढून घेतलं किंवा दोघे एक झाले, वस्तुमान वाढलं, आणि म्हातारा तारा तरुण दिसायला लागला. जुळवणीला हे कळायचं काही कारण नाही. ती त्यांना तरुणच म्हणते.

लिओ-१ मध्ये दोन्ही आहेत. सोंड ड्रॅकोपेक्षा कितीतरी दाट आहे आणि सबजायंट शाखेवर मधल्या वयाचे तारे स्पष्ट आहेत, तेव्हा तरुण तारे खरेच. मात्र सगळ्यात तरुण कप्प्यांमधली जी बारीक शेपूट येते, अर्ध्या अब्ज वर्षांच्या अलीकडची, तिच्यावर आम्ही काही बोलणार नाही. लिओ-१ मध्ये आज उदासीन हायड्रोजन वायू सापडत नाही. नवीन तारे करायला द्रव्यच शिल्लक नाही.

१३ एप्रिल

उत्तर. जुने तारे आहेत, पण थोडे. त्यांच्या असण्याला वेगळा पुरावाही आहे: लिओ-१ मध्ये आरआर लायरी प्रकारचे रूपविकारी तारे सापडलेत आणि ते दहा अब्ज वर्षांहून तरुण नसतात. बहुतेक तारे साधारण सात अब्ज ते एक अब्ज वर्षांपूर्वीच्या काळातले. त्यानंतर उतार, आणि तो तीव्र. हबलच्याच आधीच्या कॅमेऱ्याच्या प्रतिमांवरून गायार्त आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये काढलेल्या इतिहासाची ठेवण हीच होती. वेगळा कॅमेरा, वेगळे आयसोक्रोन, वेगळा प्रोग्रॅम, आणि तरी मुख्य आकार तोच. हे पाहून पुतणीने आईला हाक मारून पडदा दाखवला.

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते शेवटच्या उतारावर. सॉन आणि सहकाऱ्यांनी हबलच्या काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या प्रतिमांवरून लिओ-१ ची आकाशातली सरक मोजली आणि २०१३ मध्ये तिची कक्षा मांडली. त्यानुसार ती आपल्या आकाशगंगेच्या सगळ्यात जवळ आली होती सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वी, ९० किलोपार्सेकच्या आसपास, आणि बहुधा ती पहिल्यांदाच आत आली होती. आमचा उतारही तिथेच. आकाशगंगेभोवती विरळ, तप्त वायूचा मोठा घेर आहे. त्यातून वेगाने जाताना छोट्या दीर्घिकेचा वायू मागे खेचला जातो, द्रव्य संपतं, ताराजन्म थांबतो. कारण म्हणून हे सरळ पटतं. दोन्ही आकडे पूर्णपणे वेगळ्या मोजमापांतून आलेत, एक ताऱ्यांच्या रंगांतून आणि एक त्यांच्या हालचालीतून, आणि आमच्या कप्प्याची रुंदी त्या काळात पुरेशी अरुंद आहे. म्हणून हे आम्ही लिहितो.

दुसरं मात्र लिहीत नाही. पुतणीने विचारलं होतं, विश्व कोट्यवधी वर्षांच्या वयात पहिल्या ताऱ्यांच्या प्रकाशाने पुन्हा आयनित झालं, म्हणजे वायूतल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले, तेव्हा लिओ-१ चा ताराजन्म मंदावला होता का? अतिशय मंद उपग्रह दीर्घिकांत तसं झालेलं दिसतं. ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अशा सहा दीर्घिका तपासल्या, आणि त्यांतले बहुतांश तारे १२.८ अब्ज वर्षांपूर्वीच जन्मून झाले होते. त्यांचं काम अतिशय खोल प्रतिमांवर, आणि एकाच वयाचे तारे असलेल्या एम९२ या गोलाकार तारकागुच्छाशी थेट ताडून केलेलं. आमच्या आलेखात जुना भाग थोडा आणि त्यानंतर एक खळगा दिसतो खरा. पण आमचा सगळ्यात जुना कप्पा, अंतराची अनिश्चितता धरून, तीन अब्ज वर्षांइतका रुंद आहे, आणि पुनर्आयनीभवन आटोपलं विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांत. बनवलेल्या दीर्घिकांतही असा खळगा कधी कधी उगाच उमटला होता.

खर्च: डिस्क, मेमरी आणि यूपीएस मिळून ₹१२,७००, वीज वेगळी. सॉफ्टवेअर आणि विदा यांना एक रुपयाही लागला नाही.

पुढे करिना. तिच्यासाठी एकाच चौकटीवर भागणार नाही, जमिनीवरच्या दुर्बिणीची रुंद प्रतिमा जोडीला लागेल, आणि रुंद चौकटीत आपल्याच आकाशगंगेतले मधले तारे खूप येतील. ते वेगळे काढायला ताऱ्यांच्या जागा आणि हालचाली मोजणाऱ्या गाइआ उपग्रहाची तिसरी विदा-आवृत्ती वापरायची: दूरच्या दीर्घिकेतले तारे आकाशात जवळजवळ हलत नाहीत, जवळचे हलतात. गाइआ साधारण २१ व्या प्रतीपर्यंतच बघत असे, म्हणजे तिची विदा करिनाच्या वळणबिंदूपर्यंत पोचत नाही. तिथल्या मंद ताऱ्यांसाठी शेजारच्या रिकाम्या आकाशाची एक चौकट घेऊन तिची संख्या वजा करावी लागेल. पुतणीने अशी चौकट शोधायला आजपासून सुरुवात केली आहे.